क्लच कधी साथ देतो, कधी देत नाही. गिअरबॉक्स खाली घेण्याआधी करा या तपासण्या

सकाळी अंगणातून गाडी काढताना पहिला गिअर अलगद पडतो. दुपारी बाजार समितीतून परत निघताना मात्र तोच गिअर अडतो, रिव्हर्स टाकला की खर्रकन आवाज येतो. गाडी मिस्त्रीकडे नेली की ती पुन्हा शहाण्यासारखी चालते. मिस्त्री एक फेरी मारून म्हणतो, ‘काही नाही, चालवा.’ आठ दिवसांनी परत तेच. शेवटी वैतागून मालकच म्हणतो, ‘खोला एकदाचा गिअरबॉक्स.’ क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग सगळं नवं पडतं, हजारो रुपये जातात आणि पंधरा दिवसांनी गिअर पुन्हा अडतो.

ग्रामीण भागात पंधरा-वीस वर्षांच्या मारुती ८००, ओम्नी, जुन्या अल्टो, सुमो, क्वालिस अजून रोजच्या कामाला आहेत. भाजीचे क्रेट, दुधाचे कॅन, शाळेची पोरं, रात्री-अपरात्री दवाखाना, सगळं त्याच एका गाडीवर. अशा गाडीचा क्लच कायमचा बिघडला तर निदान सोपं असतं. कधी बिघडतो, कधी नीट चालतो, तेव्हा मात्र अंदाजाने खर्च होतो. येऊन-जाऊन असणाऱ्या बिघाडाचं कारण बऱ्याचदा गिअरबॉक्सच्या बाहेरच सापडतं. केबल, तेलाचा सिलिंडर, गिअरच्या दांड्याचे बुश, इंजिनचं माउंटिंग, इतकंच काय पायाखालची मॅटसुद्धा कारण असू शकते. म्हणून बाहेरचं सगळं तपासून झाल्यावरच गिअरबॉक्सला हात लावायचा, हा साधा नियम.

क्लचचं काम काय

पूर्वी गावात डिझेल इंजिनवर पिठाची गिरणी चालायची. इंजिन चालूच राहायचं आणि गिरणी थांबवायची असली की पट्टा सैल पुलीवर सरकवायचे. गाडीत हेच काम क्लच करतो. इंजिनच्या फ्लायव्हीलवर क्लच प्लेट दाबून बसलेली असते. ती दाबून धरायचं काम प्रेशर प्लेट करते. पॅडल दाबलं की केबल किंवा तेलाचा दाब एका फोर्कला ढकलतो, फोर्क रिलीज बेअरिंगला ढकलतो आणि प्लेटवरचा दाब सुटतो. इंजिन फिरत राहतं, गिअरबॉक्स मोकळा होतो आणि गिअर बदलता येतो.

म्हणजे पायापासून प्लेटपर्यंत एक साखळी आहे. या साखळीतली कुठलीही कडी थोडी कमी सरकली तरी त्रास गिअरमध्ये दिसतो. दिसतो गिअरमध्ये, पण असतो दुसरीकडेच. फसगत होते ती इथेच.

तक्रार कोणती, ते आधी ठरवा

क्लचचे मुख्य आजार दोन आणि दोघांची लक्षणं उलटी आहेत.

पहिला, क्लच नीट सुटत नाही. पॅडल पूर्ण दाबलं तरी प्लेट थोडी चिकटूनच राहते. पहिला आणि रिव्हर्स अडतो, खरखर होते, गिअर पडताक्षणी गाडी पुढे ढकलल्यासारखी होते.

दुसरा, क्लच नीट धरत नाही. यालाच स्लिप होणं म्हणतात. ॲक्सिलेटर दिला की इंजिनचा आवाज वाढतो, पण गाडी तेवढी पळत नाही. चढावर, भरलेल्या गाडीत हे आधी जाणवतं. नंतर जळका वास येतो.

‘क्लच खराब झालाय’ एवढंच सांगितलं तर मिस्त्रीला काहीच कळत नाही. सुटत नाही की धरत नाही, हे सांगितलं तर अर्धं काम झालं.

वहीत लिहून ठेवा

बिघाड कायम नसेल तर तो केव्हा येतो हीच सगळ्यात मोठी खूण असते. आठ दिवस गाडीत वही-पेन ठेवा आणि प्रत्येक वेळी एवढं लिहा:

- इंजिन थंड होतं की गरम
- गाडी उभ्याने गिअर अडला की चालतीला
- एकच गिअर अडला की सगळे
- पॅडल दोन-तीनदा दाबल्यावर फरक पडला का
- पॅडल नेहमीसारखं होतं, मऊ होतं की जड
- आवाज आला असेल तर पॅडल दाबल्यावर की सोडल्यावर
- पाऊस, चढ, खड्डे, जास्त वजन यातलं काय होतं

पाच-सहा नोंदी झाल्या की मेळ बसायला लागतो. गरम झाल्यावरच होतं, की सकाळी पहिल्या दहा मिनिटांतच होतं, हे डोक्यात नीट राहत नाही, कागदावर राहतं.

तपासणी १ : पायाखाली बघा

ही तपासणी फुकट आहे आणि तीच सगळ्यांत जास्त राहून जाते. मॅट सरकून पॅडलखाली आली की पॅडल तळाला टेकत नाही. मॅट कधी सरकलेली असते, कधी जागेवर असते, म्हणून बिघाडही कधी येतो, कधी जातो. मॅटवर मॅट टाकलेली असेल तर वरची काढून चार दिवस गाडी चालवून बघा.

गाडी दोघं-तिघं चालवत असतील तर सीट किती मागे आहे तेही बघा. सीट मागे असली की उंचीने कमी माणसाचा पाय पूर्ण पोचत नाही. एकाला गिअर अडतो आणि दुसऱ्याला अडत नाही, असं असेल तर आधी सीट पुढे घ्या.

तपासणी २ : इंजिन बंद, मग इंजिन चालू

सपाट जागेवर हँडब्रेक ओढून, चाकाला दगड लावून ही तपासणी करायची. इंजिन बंद ठेवून क्लच दाबा आणि सगळे गिअर एकेक करून टाका. एखादा गिअर दात समोरासमोर आल्यामुळे पडला नाही तर क्लच सोडून गाडी किंचित ढकला आणि परत बघा. मग गाडी न्यूट्रलला आणून इंजिन चालू करा आणि तेच पुन्हा करा.

इंजिन बंद असताना सगळे गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू असताना अडतात, तर दोष क्लच न सुटण्याचा. गिअरबॉक्स बहुतेक निर्दोष.

इंजिन बंद असतानाही गिअर तेवढेच जड पडतात, तर क्लच बाजूला ठेवा. गिअरचा दांडा, बुश, जोडणीच्या केबल किंवा गिअर ऑईल बघा.

ही तपासणी बिघाड आलेला असतानाच करायची. गाडी नीट चालत असताना केली तर उत्तर ‘सगळं ठीक’ असंच येणार.

तपासणी ३ : रिव्हर्सची परीक्षा

बहुतेक जुन्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो रिंग नसते. सिंक्रो म्हणजे फिरणाऱ्या दोन चाकांचा वेग जुळवून देणारी पितळी कडी. ती नसल्यामुळे क्लच दाबल्या दाबल्या रिव्हर्स टाकला तर थोडी खरखर होते आणि त्यात दोष नाही, घाई आहे.

इंजिन सावकाश चालू ठेवा. क्लच पूर्ण दाबा, मनात पाचपर्यंत मोजा आणि मग रिव्हर्स टाका. क्लच खरोखर सुटला असेल तर एवढ्या वेळात आतली चाकं थांबतात आणि गिअर गुपचूप पडतो. पाच सेकंद थांबूनही खर्रकन आवाज आला तर क्लच सुटत नाही, हे पक्कं.

तपासणी ४ : फोर्कची चाल मोजा

इंजिन बंद, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. गिअरबॉक्सच्या बाहेर क्लचच्या फोर्कची पट्टी किंवा आर्म दिसतो. त्यालाच केबलचं टोक किंवा तेलाच्या सिलिंडरची दांडी लागलेली असते. एकाने पॅडल पूर्ण दाबायचं आणि दुसऱ्याने पट्टी किती सरकली ते पट्टीने मोजायचं. खालून बघायचं असेल तर गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नका. पक्के स्टँड लावा, नाहीतर गॅरेजच्या खड्ड्यावर करा.

हे माप दोनदा घ्यायचं: गाडी नीट चालत असताना एकदा आणि गिअर अडलेला असताना एकदा. बिघाडाच्या वेळी चाल कमी भरली तर दोष पॅडल आणि फोर्कच्या मध्ये, म्हणजे बाहेर आहे. दोन्ही वेळा चाल पूर्ण आणि सारखीच भरली, तरीही क्लच सुटत नाही, तरच दोष आत आहे. गिअरबॉक्स खाली घ्यायचा की नाही, हे या मापावर ठरवायचं. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते न करताच गिअरबॉक्स उतरवले जातात.

केबलची गाडी असेल तर

मारुती ८००, ओम्नी, जुनी अल्टो यांचा क्लच केबलवर चालतो. केबल आतल्या आत सुटत जाते. तारेचा एकेक धागा तुटतो आणि बाहेरच्या नळीत अडकतो. अडकला की पॅडल जड आणि चाल कमी, सुटला की पुन्हा बरं. म्हणून बिघाड येतो-जातो. पॅडलकडच्या हुकाजवळ आणि गिअरबॉक्सकडच्या टोकाला टॉर्च मारून बघा. पिसारलेले धागे दिसले तर दुसरा विचार न करता केबल बदला. काही शे रुपयांचं काम आहे.

केबल सायलेन्सरच्या पाइपाजवळून गेलेली असेल किंवा कुठे बांधून अवघड वळण दिलेलं असेल, तर गरम झाल्यावर ती आवळते. इंजिन गरम झाल्यावरच पॅडल जड होतं, अशी नोंद असेल तर केबलची वाट आधी बघा.

एक जागा नेहमी सुटते. केबलची नळी जिथून पत्र्यातून पलीकडे जाते तो पत्रा आणि पॅडलचा ब्रॅकेट. जुन्या गाडीत तिथे गंज लागतो किंवा बारीक चीर जाते. पॅडल दाबलं की केबल ओढली जाण्याऐवजी पत्राच वाकतो. एकाला पॅडल दाबायला सांगून बोनेटमधून त्या जागेकडे बघा. पत्रा हलताना दिसला तर केबल नवी टाकून काही उपयोग नाही, वेल्डिंग करून पट्टी मारावी लागेल.

आता पॅडलच्या मोकळ्या चालीकडे. हाताने पॅडल दाबताना सुरुवातीला थोडं मोकळं सरकतं आणि मग जड लागतं. केबलच्या बऱ्याच गाड्यांत ही मोकळी चाल साधारण १५ ते २५ मिलिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या रुंदीएवढी असते. आपल्या गाडीचा नेमका आकडा माहितीपुस्तकात बघावा. चाल जास्त झाली तर क्लच पूर्ण सुटत नाही. चाल शून्य झाली तर बेअरिंग कायम दाबलेलं राहतं आणि क्लच स्लिप होतो.

यातच एक खूण दडलेली आहे. क्लच प्लेट झिजत जाते तशी केबलच्या गाडीत मोकळी चाल कमी कमी होते. ती वाढत नाही. त्यामुळे आज नट आवळून चाल बरोबर केली आणि महिन्याभरात ती परत वाढली, तर प्लेटला दोष देऊ नका. केबल ताणतेय, पत्रा वाकतोय किंवा फोर्क झिजलाय. उलट दर महिन्याला चाल कमी होत असेल आणि नट सैल करावा लागत असेल, तर प्लेट संपत आली आहे.

तेलावर चालणारा क्लच असेल तर

सुमो, क्वालिस, स्कॉर्पिओ यांच्यासारख्या गाड्यांत केबलऐवजी तेलाचा दाब असतो. वर पॅडलजवळ मास्टर सिलिंडर, खाली गिअरबॉक्सजवळ स्लेव्ह सिलिंडर, मध्ये पाइप. यात ब्रेक ऑईलच वापरतात. काही गाड्यांत ब्रेकचा आणि क्लचचा डबा एकच असतो, म्हणून पातळी खाली जात असेल तर दोन्हीकडे गळती बघायची.

गिअर अडला की पॅडल दोन-तीनदा भराभर दाबा. लगेच गिअर पडला तर लाइनमध्ये हवा शिरली आहे किंवा मास्टरचे वायसर थकले आहेत.

पॅडल झटक्यात दाबलं तर गिअर पडतो आणि सावकाश दाबलं तर अडतो, ही तर मास्टर सिलिंडरच्या वायसरची खास खूण. सावकाश दाबताना तेल वायसरच्या बाजूने मागे निसटतं, दाब तयारच होत नाही. एक माणूस गाडी चालवतो तेव्हा तक्रार नसते आणि दुसरा चालवतो तेव्हा असते, त्यामागे हेही कारण निघतं.

आणखी एक परीक्षा मोकळ्या मैदानात करावी. समोर-मागे माणूस, जनावर, भिंत काही नको. इंजिन चालू, पाय ब्रेकवर तयार. क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाका आणि पॅडल तसंच एक मिनिट दाबून धरा. काही वेळाने गाडी आपोआप पुढे सरकायला लागली तर दाब आतून निसटतोय. सिग्नलला किंवा टोलनाक्यावर क्लच दाबून उभं राहिल्यावर गाडी पुढे ओढते, ती यामुळेच.

गळती शोधताना तीन जागा बघायच्या. पॅडलच्या वर, जिथे दांडी मास्टरमध्ये जाते, तिथून आतल्या बाजूला ओल उतरते का. स्लेव्ह सिलिंडरचं रबर उचलून त्याखाली ओलं आहे का. आणि मधला रबरी होज पॅडल दाबल्यावर फुगतो का. जुना होज बाहेरून चांगला दिसतो, दाब आला की बेडकासारखा फुगतो आणि सगळी चाल तिथेच संपते.

ब्रेक ऑईल हवेतलं पाणी ओढून घेतं. काळपट झालं असेल तर बदलून हवा काढून घ्या. दोन वर्षांनी बदलणं चांगलं. डब्याच्या झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच, डॉट ३ किंवा डॉट ४, घ्या आणि सीलबंद डब्यातलं घ्या. इंजिन ऑईल किंवा हायड्रॉलिक ऑईल चुकूनही घालू नका, सगळे वायसर फुगून खराब होतात. आणि एकाच डब्यातून ब्रेकही चालत असेल तर हा प्रश्न क्लचपुरता राहत नाही. हे तेल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उडतो.

गरम झाल्यावर स्लिप होत असेल तर

सकाळी बरी चालणारी गाडी दहा-पंधरा किलोमीटरनंतर चढावर ओढत नाही, अशी नोंद असेल तर मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० च्या आसपास ॲक्सिलेटर एकदम दाबून बघा. इंजिनचा आवाज चढला आणि वेग तिथेच राहिला तर स्लिप आहे. ही परीक्षा एकदाच करायची, पुन्हा पुन्हा केली तर प्लेट जळते.

स्लिप दिसली की लगेच प्लेट बदलायला सांगू नका. आधी मोकळी चाल शून्य झाली आहे का ते बघा. केबल आत अडकून पॅडल पूर्ण वर येत नाही का तेही बघा. पॅडलखाली पायाचं बोट घालून ते वर उचलून पाहिलं की कळतं. चाल बरोबर असूनही स्लिप होत असेल तर दोन शक्यता: प्लेट झिजली आहे किंवा तिच्यावर ऑईल आलं आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथे खालून ऑईल ठिबकत असेल तर क्रँकचं मागचं सील किंवा गिअरबॉक्सचं पुढचं सील गेलं असेल. अशा वेळी सील न बदलता नवी प्लेट टाकली तर तीही तशीच जाते.

ऑईल लागलेल्या प्लेटची आणखी एक खूण म्हणजे पहिल्या गिअरमध्ये निघताना गाडी थरथरते. पण इंजिनचं माउंटिंग तुटलेलं असलं तरी गाडी अशीच थरथरते, म्हणून माउंटिंग आधी बघा.

एकच गिअर त्रास देत असेल तर

क्लच सुटत नसेल तर त्रास सगळ्याच गिअरना होतो, पहिल्याला आणि रिव्हर्सला जास्त. फक्त दुसराच किंवा फक्त तिसराच खरखर करतो, बाकी छान पडतात, तर त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजली असण्याची शक्यता मोठी. खात्री करायला चालत्या गाडीत क्लच दाबून न्यूट्रल करा, क्लच सोडा, पुन्हा दाबा आणि मग गिअर टाका. खालचा गिअर घेताना मध्ये ॲक्सिलेटर हलका द्या. जुने ट्रकवाले असाच दोनदा क्लच मारून गिअर घ्यायचे. असं केल्यावर गिअर विनातक्रार पडला तर सिंक्रोच गेला आहे. यासाठी गिअरबॉक्स खोलावा लागतो, पण घाई नसते. अशा पद्धतीने गिअर घेत गाडी बरेच दिवस चालवता येते.

सकाळी गार इंजिनला गिअर जड आणि थोडं अंतर गेल्यावर हलके, असं असेल तर गिअर ऑईल बघा. पातळी कमी आहे का, शेवटचं कधी बदललं, मध्ये कुणी जाड ऑईल घातलं का. कंपनीने सांगितलेलाच ग्रेड घाला. जीएल-४ सांगितलं असेल तर दुकानात शिल्लक आहे म्हणून जीएल-५ घालू नका. पितळी सिंक्रो रिंगला ते मानवत नाही.

गिअर सुटून न्यूट्रल होत असेल तर

खड्ड्यात किंवा ॲक्सिलेटर सोडल्यावर गिअर आपोआप बाहेर येतो, तर आधी गिअरचा दांडा बघा. ॲक्सिलेटर दिला-सोडला की दांडा हातभर पुढे-मागे नाचत असेल तर इंजिनचं माउंटिंग गेलं आहे. इंजिन डुलतं आणि जोडणी ओढून गिअर बाहेर काढतं. दांडा न्यूट्रलमध्येही चमच्यासारखा ढिला फिरत असेल तर खालचे प्लास्टिकचे बुश संपले आहेत किंवा बोल्ट सैल आहे. बुश स्वस्त असतात आणि गिअरबॉक्स न उतरवता बदलता येतात. हे सगळं घट्ट असूनही गिअर सुटत असेल तरच आतली झीज धरायची.

आवाज काय सांगतो

इंजिन चालू, गाडी न्यूट्रलला. पॅडल हलकं दाबल्यावर घरघर सुरू होते आणि सोडल्यावर थांबते, तर रिलीज बेअरिंग. उलट पॅडल सोडलेलं असताना घरघर येते आणि दाबल्यावर थांबते, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं बेअरिंग. या दोन्हीला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो.

पावसाळा आणि उभी गाडी

पावसाळ्यात महिना-दोन महिने उभी राहिलेली गाडी पहिल्यांदा काढताना एकही गिअर पडत नाही, हेही नेहमीचं. प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते. प्लेट ज्या शाफ्टवर सरकते त्याच्या खाचाही गंजतात, मग प्लेट कधी सरकते, कधी अडकते. चाल पूर्ण आहे, केबल नवी आहे, तरी क्लच कधी सुटतो कधी नाही, अशा गाडीत आतलं कारण बऱ्याचदा हेच निघतं. उपाय सोपा आहे. गाडी वापरात नसली तरी आठवड्यातून एकदा चालू करून अंगणात पुढे-मागे घ्यावी.

गिअरबॉक्स उतरवावाच लागला तर

एकदा खाली घेतला की मजुरी तीच लागते, म्हणून सगळं एकदम बघून घ्या. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, दोन्ही ऑईल सील, फोर्कची झीज, शाफ्टच्या खाचा, फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा चिरा. खाचांना ग्रीस लावायचं ते नखभरच. जास्त लावलं तर उडून प्लेटवर जातं. काढलेले पार्ट मिस्त्रीसमोर बघून घ्या. जुन्या प्लेटला अजून भरपूर जाडी असेल आणि ती कोरडी असेल, तर दोष तिच्यात नव्हता. गाडी जोडायच्या आधीच पुन्हा शोधायला लावा.

वाटेत केबल तुटली तर

सपाट आणि मोकळा रस्ता असेल तर जुनी गाडी क्लचशिवायही घरापर्यंत आणता येते. इंजिन बंद करून पहिला गिअर टाका आणि किल्ली फिरवा. स्टार्टर गाडी ढकलतो आणि इंजिन चालू होतं. गाडी चालू होताच पुढे निघते, म्हणून समोर जागा बघूनच किल्ली फिरवा. वेग आला की ॲक्सिलेटर सोडून गिअर अलगद न्यूट्रलला आणा, क्षणभर थांबून हलक्या हाताने दुसऱ्यात घाला. जोर लावू नका, वेग जुळला की तो आपोआप पडतो. थांबायचं असेल तर न्यूट्रल करून ब्रेक दाबा.

घाटात मात्र हा प्रयोग करू नये. कुंभार्ली असो, आंबेनळी असो की गावाजवळचा छोटा घाट, एकदा गिअर सुटला आणि परत पडला नाही तर उतारावर इंजिनचा ब्रेक राहत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. गाडी कडेला घ्या, चाकाला दगड लावा आणि ओढून न्यायची व्यवस्था करा. क्लच येऊन-जाऊन त्रास देत असेल तर दुरुस्ती होईपर्यंत भरलेली गाडी घाटात नेऊच नये.

मिस्त्रीकडे जाताना

‘गिअर अडतो, बघा जरा’ असं सांगू नका. ‘गरम झाल्यावर अडतो, इंजिन बंद केलं की सगळे गिअर पडतात, पॅडल दोनदा मारलं की सुधारतं, फोर्कची चाल बिघाडाच्या वेळी कमी भरते’ असं सांगा. एवढं ऐकल्यावर चांगला मिस्त्री गिअरबॉक्सकडे जाणारच नाही, सरळ मास्टर सिलिंडरकडे जाईल.

जमलं तर बिघाड आलेला असतानाच गाडी दाखवा. गरम झाल्यावर होत असेल तर वीस किलोमीटर फिरवूनच गॅरेजला न्या. सकाळी होत असेल तर आदल्या रात्री गाडी तिथेच लावा आणि सकाळी मिस्त्रीलाच चालू करायला सांगा. एका वेळी एकच पार्ट बदला आणि चार दिवस चालवून बघा. तीन पार्ट एकदम बदलले आणि गाडी नीट झाली, तर दोष कशात होता ते कळत नाही. नाही झाली, तर पैसेही गेले आणि शोध पुन्हा पहिल्यापासून.

आणि दुरुस्ती झाल्यावर एक सवय सोडा. ट्रॅक्टर चालवणाऱ्यांचा पाय नकळत क्लचवर टेकलेला राहतो, चढावर अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवली जाते. गिअर पडला की डावा पाय बाजूला ठेवायचा आणि चढावर हँडब्रेक वापरायचा. एवढं केलं तरी प्लेट आणि बेअरिंग दोन्ही जास्त दिवस टिकतात.